अक्काला विचारा : दऱ्या, दर्या आणि गेलेली लाईट

पावसाळा सुरू झाला की या पानाकडे पत्रांचा ओघ वाढतो. निम्मी पत्रं लाईट गेल्याची, उरलेल्यांतली निम्मी नेट गेल्याची. नव्या वाचकांसाठी सांगते : बेळगावच्या उद्यमबागेत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. फाउंड्रीवाल्यांची बिलं आणि पतसंस्थांची खाती सांभाळणारी सॉफ्टवेअरं आम्ही लिहितो. त्याआधी तेरा वर्षं मी कॉलेजच्या लॅबमध्ये पोरांचे एरर वाचत होते. 'अक्का' हे नाव तिथलंच.

एक सूचना दर खेपेला द्यावीच लागते. हे पान देवनागरीतच छापतात, म्हणून आज्ञा मी फोनवर सांगते तशा, उच्चाराप्रमाणे लिहिते. तुम्ही त्या रोमनमध्ये टंका, आकडेसुद्धा. 'डॅश डॅश' म्हटलं की दोन रेघा जोडून, मध्ये जागा सोडायची नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची सभासद यादी एक्सेलमधून घेऊन मी पायथॉनमध्ये शोधाची छोटी खिडकी केली आहे. 'कुऱ्हाडे' आडनाव टाकले की सात सभासद येतात. कागदी रजिस्टरात अकरा आहेत. उरलेले चौघे यादीत डोळ्यांना दिसतात, शोधात मात्र सापडत नाहीत. अक्षर न् अक्षर तेच आहे, तीन वेळा तपासले. चेअरमनसाहेब म्हणतात, सॉफ्टवेअर सभासद खातंय. — लेखनिक, संकेश्वर

तीनदा काय, तीनशेदा तपासलंत तरी फरक डोळ्यांना दिसायचा नाही. तुमच्या यादीत 'ऱ्ह' दोन प्रकारांनी टंकलेला आहे. पहिल्या प्रकारात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ (युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत, त्यात क्रमांक ०९३१), मग हलन्त (०९४डी), मग ह. दुसऱ्या प्रकारात साधा र (०९३०), हलन्त, त्यानंतर 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं एक न दिसणारं चिन्ह (२००डी), आणि मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कोणता प्रकार उमटतो ते कीबोर्डावर अवलंबून असतं. माझा अंदाज असा की सात नावं एकाने ऑफिसच्या मशीनवर भरली आणि चार दुसऱ्या कुणी मोबाइलवरून. विचारून बघा.

आधी खात्री करून घ्या. सापडणारं एक नाव आणि न सापडणारं एक, दोन्ही या ओळीतून काढा :

फॉर अ इन नाव: प्रिंट(अ, हेक्स(ऑर्ड(अ)))

एका यादीत २००डी दिसेल, दुसरीत नाही. (इथलं 'नाव' मी मुद्दाम लिहिलं. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवलेलं खरंच चालतं. मी ठेवत नाही, कारण दर ओळीला कीबोर्ड बदलून जीव जातो.) मग शोधाच्या आधी दोन्ही बाजूंना, म्हणजे यादीतल्या नावाला आणि शोधणाऱ्याने टंकलेल्यालाही, हे लावा :

इम्पोर्ट युनिकोडडेटा
नाव = युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ("एनएफसी", नाव)
नाव = नाव.रिप्लेस("\यू०९३०\यू०९४डी\यू२००डी", "\यू०९३१\यू०९४डी")
नाव = " ".जॉइन(नाव.स्प्लिट())

पहिली नुसती आयात. दुसरी ओळ साधा र आणि सुटा नुक्ता असा जो तिसरा प्रकार कधीमधी सापडतो, त्याला सरळ करते. पण तुमच्या रोगाला ती पुरत नाही, औषध आहे तिसऱ्या ओळीत. चौथी ओळ नाव आणि आडनावाच्या मध्ये पडलेल्या दोन-दोन स्पेस एकावर आणते.

आता एक धोका. नेटवर कुणीतरी सांगेल की न दिसणारी चिन्हं आहेत ना, मग सगळी एका फटक्यात काढून टाका. इंग्रजी यादीत ते खपतं. आपल्याकडे त्या २००डीला काढलंत की 'ऱ्य'चा रफार होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका मंगल कार्यालयाचं बिलिंग करून दिलं होतं. डेटा 'स्वच्छ' करायचा म्हणून मीच ती चिन्हं सरसकट उडवली. लग्नसराईत बिलं छापली गेली आणि त्यांवर खर्चाची बाब आली : 'आचार्यांची मजुरी'. स्वयंपाक करणारे आचारी ते. त्यांना मी एका ओळीत आचार्य करून ठेवलं. एका वधूपित्याने ते बिल फ्रेम करून ठेवल्याचं नंतर कानावर आलं. तेव्हापासून आधी बदल, मग काही काढायचंच असेल तर काढणं, हा क्रम मी मोडत नाही.

मूळ नावाला मात्र हात लावू नका. सभासदाने ज्या कागदावर सही केली त्यावरचं नाव तसंच राहू दे. शेजारी 'शोधनाव' म्हणून वेगळा कॉलम करा, सरळ केलेलं नाव तिथे ठेवा आणि शोध त्या कॉलमवर चालवा.

पत्त्यांचंही हेच. तुमच्याकडे 'गाव' कॉलम असणारच, आणि त्यात बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगावी, बेलगाम असे पाचही असणार. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर नाव बदललं, जुनी खाती जुन्याच नावाने राहिली, आणि अनुस्वार देणारे अजून देतात. त्यावर हुशार अल्गोरिदम शोधत बसू नका. साधी डिक्शनरी करा, डाव्या बाजूला सापडलेली सगळी रूपं, उजव्या बाजूला एक कोड. गावं किती असणार, शंभर-दीडशे. एका दुपारचं काम आहे, आणि ते हातानेच नीट होतं.

यादी परत एक्सेलसाठी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) काढाल तेव्हा फाइल उघडताना एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" द्या. नुसतं "यूटीएफ-८" दिलंत तर एक्सेलमध्ये डबल क्लिकवर मराठीच्या जागी विचित्र रोमन अक्षरांचा कचरा दिसण्याची शक्यता मोठी. 'सिग' लावलं की फाइलीच्या तोंडाशी तीन बाइटची खूण बसते, त्यावरून एक्सेल ओळखतं. आणि खाते क्रमांक ००४२७ असा शून्याने सुरू होत असेल तर सीएसव्ही डबल क्लिकने उघडूच नका, एक्सेल ती शून्यं गिळतं. डेटा टॅबमधून आयात करा आणि तो कॉलम 'टेक्स्ट' सांगा.

प्रश्न : अक्का, मी चिक्कोडीला घरीच बसून काम करतो. परवा गिट कमिट मारलं आणि त्याच मिनिटाला लाईट गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली हाय, चार्जर लावूनच चालतो. आल्यावर बघतोय तर 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी', खाली 'फेटल : लूज ऑब्जेक्ट इज करप्ट'. गिट स्टेटस पण चालंना. पुश चार दिवस केलं नव्हतं. सगळं गेलं काय ओ?

नाही ओ, सगळं नाही जात. (नव्यांसाठी : गिट कामाचे टप्पे नोंदवून ठेवतं. एक नोंद म्हणजे कमिट, नोंदी दुसऱ्या जागी पाठवणं म्हणजे पुश.) तुमच्या फोल्डरमधल्या फायली जशाच्या तशा आहेत. गिटने कमिटच्या वस्तू डिस्कवर लिहायला दिल्या, नावं पडली, आणि आतला मजकूर पोचायच्या आधी वीज गेली. म्हणून फायली शून्य बाइटच्या राहिल्या.

आधी सगळं प्रोजेक्ट फोल्डर, लपलेल्या डॉट गिटसकट, दुसरीकडे कॉपी करा. ही पायरी चुकवणारे मला पुन्हा फोन करतात आणि तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नसतं.

मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभे राहून (विंडोज असेल तर गिट बॅशमध्ये) :

फाइंड .गिट/ऑब्जेक्ट्स डॅश टाइप एफ डॅश एम्प्टी डॅश डिलीट

इथे सगळीकडे एकेकच डॅश. रिकाम्या वस्तू गेल्या. आता गिट एफएससीके डॅश डॅश फुल चालवा. ते बहुधा म्हणेल, हेड ज्या कमिटकडे बोट दाखवतंय ते कमिटच नाही. साहजिक आहे, तेच तर अर्धवट राहिलं. डॉट गिटमध्ये लॉग्ज नावाचा फोल्डर आहे, त्यातली 'हेड' ही फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा आणि तळाला जा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चाळीस अक्षरांचे दोन क्रमांक असतात, आधीचं कमिट आणि नंतरचं. शेवटच्या ओळीतला पहिला क्रमांक घ्या. ते तुमचं शेवटचं धड कमिट. मग :

गिट अपडेट डॅश रेफ हेड (इथे तो क्रमांक)
गिट रीसेट

हा रीसेट साधा हवा. 'हार्ड' अजिबात जोडू नका, नाहीतर फायलीतलं काम पुसून जाईल. आता गिट स्टेटस बघा, परवाचं काम 'बदललेलं' म्हणून दिसेल. पुन्हा कमिट करा. चार दिवसांतलं एक कमिट परत मारायचं, एवढंच नुकसान. शेवटच्या ओळीतला पहिला क्रमांकही बिघडलेला निघाला तर एक ओळ वर सरका.

पुढच्यासाठी : गिट कॉन्फिग डॅश डॅश ग्लोबल कोअर.एफसिंक ऑल. हे सेटिंग एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २.३६ आवृत्तीपासून आहे. बऱ्याच मशीनवर गिट वेगासाठी सुट्या वस्तू डिस्कवर पक्क्या उतरल्या की नाही याची वाट बघत नाही. जिथे लाईट जात नाही तिथे ते परवडतं. 'ऑल' म्हटलं की ते थांबून खात्री करतं. कमिटला क्षणभर जास्त लागेल, लागू दे.

चार दिवस पुश नाही, याचं कारण तुम्ही लिहिलं नाहीत पण मला माहीत आहे, नेट. मग पेन ड्राइव्हलाच रिमोट, म्हणजे पुश करायची जागा करा. त्यावर एका फोल्डरमध्ये गिट इनिट डॅश डॅश बेअर, प्रोजेक्टमध्ये गिट रिमोट ॲड पेन आणि पुढे त्या फोल्डरचा पत्ता. झालं. संध्याकाळी गिट पुश पेन आणि पुढे ब्रँचचं नाव, नेट नको की काही नको. पेन ड्राइव्ह वापरताना 'ड्युबियस ओनरशिप' अशी तक्रार आली तर घाबरू नका. तसल्या ड्राइव्हवर फाइल कुणाच्या मालकीची हे नोंदलं जात नाही, म्हणून गिट संशय घेतं. जी ओळ चालवायला ते स्वतःच सुचवतं, सेफ.डिरेक्टरीची, ती चालवा.

व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर आणखी एक. फाइलीवर उभे राहून डावीकडे तळाला 'टाइमलाइन' उघडा. मार्च २०२२ च्या आवृत्तीपासून ते प्रत्येक सेव्हची प्रत स्वतःच ठेवतं, गिट असो नसो. 'ऑटो सेव्ह'चं सेटिंग 'ऑनफोकसचेंज' केलंत तर खिडकी बदलली की सेव्ह होतं. आणि ती बॅटरी बदला बाबा. तुमच्या एका दिवसाच्या कामापेक्षा महाग नाही ती.

प्रश्न : सरांनी ग्रुपवर पाठवलेल्या आज्ञा जशाच्या तशा चिकटवल्या तरी चालत नाहीत. सरांच्या मशीनवर चालतात. — डिप्लोमा विद्यार्थिनी, निपाणी

सरांनी त्या आधी वर्डमध्ये लिहिल्या असणार, किंवा फोनवर टंकल्या असणार. दोन्ही ठिकाणी शहाणपणा होतो : दोन डॅशांची एक लांब रेघ होते आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. टर्मिनलला ती लांब रेघ म्हणजे भलतंच अक्षर. त्यात व्हॉट्सॲप दोन स्टारच्या मधला मजकूर ठळक करतं आणि स्टार दाखवतच नाही, अंडरस्कोअरचंही तेच. चिकटवलेल्या ओळीतल्या रेघा आणि अवतरणं पुसून हाताने परत टंक, चालेल. आणि सरांना सांग (प्रेमाने), आज्ञेच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक द्या. कीबोर्डावर एस्केपच्या खाली असते ती खूण. मग व्हॉट्सॲप त्याला हात लावत नाही.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या एका गावातून पुण्याच्या कंपनीचे काम करते. जुलैत इथे रेंज येते-जाते. गेल्या आठवड्यात सर्व्हरवर डेटाबेसचा मोठा बदल चालवला होता, मधेच कनेक्शन तुटले आणि अर्धा बदल झाला, अर्धा राहिला. मॅनेजर म्हणतात बेळगावात खोली घ्या. भाताची लावणी सोडून कुठे जाऊ? — सॉफ्टवेअर इंजिनिअर

लावणी सोडू नका. कनेक्शन तुटलं की सर्व्हरवर त्यात चालू असलेलं कामही मरतं, ही सवय मोडायला टीमक्स नावाचा छोटा प्रोग्रॅम पुरतो. सर्व्हरवर गेलात की पहिलं काम :

टीमक्स न्यू डॅश एस काम

आता जे चालवाल ते सर्व्हरवरच्या त्या खोलीत चालतं. तुम्ही बाहेर पडलात, रेंज गेली, म्हैस सुटली, काहीही झालं तरी आतलं चालूच राहतं. परत आलात की टीमक्स अटॅच डॅश टी काम, जिथे होतात तिथेच. स्वतःहून बाहेर पडायचं तर कंट्रोल-बी दाबून सोडा आणि मग डी. मॅनेजरांना हे एकदा करून दाखवा : कॉल चालू असताना वायफाय बंद करा, दोन मिनिटांनी परत जोडा. खोलीचा विषय बहुधा तिथेच मिटेल.

आपल्या मशीनवरच्या एसएसएचच्या (सर्व्हरला जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिग फाइलमध्ये 'होस्ट स्टार'खाली सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० आणि सर्व्हरअलाइव्हकाउंटमॅक्स ४ घाला. दर ३० सेकंदांनी हाक मारली जाते, चार हाकांना ओ आली नाही की कनेक्शन सोडून देतं. म्हणजे दोनेक मिनिटांत कळतं. नाहीतर गोठलेल्या पडद्याकडे बघत बसावं लागतं, एंटर मारत.

क्लोनचं, म्हणजे गिटमधला अख्खा प्रोजेक्ट (रेपो) उतरवून घेण्याचं दुखणं वेगळं. गिट क्लोन मधेच तुटलं तर जिथे तुटलं तिथून पुढे जात नाही, पहिल्यापासून सुरू. मोठ्या रेपोला गिट क्लोन डॅश डॅश डेप्थ १ वापरा, फक्त शेवटची स्थिती उतरते. इतिहास लागेल तेव्हा गिट फेच डॅश डॅश डीपन=५० असा तुकड्यातुकड्याने ओढा. साध्या मोठ्या फायलींना डब्ल्यूगेट डॅश सी, ते राहिल्या जागेपासून उचलतं.

पायथॉनची पॅकेजं बाजाराच्या दिवशी आणायची. खानापुरात किंवा टिळकवाडीत कुणाकडे चांगलं नेट असेल तिथे :

पिप डाउनलोड डॅश आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी डॅश डी गाठोडं

'गाठोडं' फोल्डर पेन ड्राइव्हवर घरी न्या आणि :

पिप इन्स्टॉल डॅश डॅश नो डॅश इंडेक्स डॅश डॅश फाइंड डॅश लिंक्स=गाठोडं डॅश आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

(फोल्डरचं नाव रोमनमध्येच द्या, बरं पडतं.) दोन्हीकडे पायथॉनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम तीच हवी. तिथे विंडोज आणि घरी उबुंटू असेल तर न चालणारी पॅकेजं उचलून आणाल. एनपीएमवाल्यांनी (जावास्क्रिप्टची पॅकेजं त्यातून आणणाऱ्यांनी) एकदा सगळं उतरवलं असेल तर एनपीएम सीआय डॅश डॅश प्रिफर डॅश ऑफलाइन म्हणावं, जे कॅशमध्ये आहे त्यासाठी नेटकडे जात नाही.

राहिला तो अर्धवट बदल. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर पुढच्या वेळी सगळा बदल बिगिन आणि कमिटच्या मध्ये ठेवा. तुटलं तर सगळाच मागे फिरतो, टेबलांच्या रचनेतला बदलसुद्धा. मायएसक्यूएलमध्ये रचनेच्या बदलाला ही सोय नाही, प्रत्येक आल्टर टेबल तिथल्या तिथे पक्कं होतं. म्हणून तिथे छोट्या छोट्या पायऱ्या करा आणि कोणती झाली ते लिहीत जा.

प्रश्न : आमचा शहापुरात छापखाना. लग्नपत्रिका मराठी, खाली कन्नड. पोरानं ऑर्डरचं वेबपेज केलंय, पण जुन्या फायलीतला मजकूर त्यात टाकला की मराठीचं इंग्रजी आणि कन्नडचं भलतंच काहीतरी येतं. त्याच्या उबुंटूवर तर कन्नडचे नुसते चौकोन.

काका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकोन म्हणजे फॉन्ट नाही, एवढंच. सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स डॅश नोटो, मशीन परत सुरू केलं की दिसेल. एडिटरच्या फॉन्टच्या सेटिंगमध्ये नेहमीच्या फॉन्टपुढे स्वल्पविराम देऊन नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स कन्नड लिहायला सांगा.

जुन्या फायलींची गोष्ट अशी की मराठी बहुधा श्रीलिपीत आणि कन्नड नुडी किंवा बरहात केलेली असणार, युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने. तिथे फाइलीत खरोखरच रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी-कन्नडचा मुखवटा चढवतो. वेबपेजवर तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा गळला. कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा वेगळा. आधी मूळ फाइलीत फॉन्टचं अचूक नाव बघा, मगच कन्व्हर्टर निवडा. बदललेल्या मजकुरात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरात खाली बसणारं अक्षर) या तीन जागा डोळ्यांनी वाचा, तिथेच घोळ होतो. सगळं जुनं बदलत बसू नका. पत्रिकेचे नेहमीचे मायने वीस-पंचवीस असतील, तेवढे नव्याने टंकून घ्या.

प्रश्न : पेमेंटची गुप्त की असलेली .एन्व्ह फाइल चुकून सार्वजनिक रेपोत पुश झाली. लगेच डिलीट करून दुसरे कमिट केले. कंपनीत सांगू की नको? — नाव छापू नये

आत्ता, हे वाचता वाचता, सांगा. डिलीटचं कमिट काही उपयोगाचं नाही, आधीच्या कमिटमध्ये की तशीच आहे आणि सार्वजनिक रेपो चाळत बसणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. आधी ती की रद्द करून नवी घ्या. इतिहास पुसायचं नंतर बघू. गिटइग्नोअरमध्ये (गिटने सोडून द्यायच्या फायलींच्या यादीत) .एन्व्ह घातलंत तरी गिट ती फाइल आधीपासून सांभाळत असेल तर सांभाळतच राहतं. गिट आरएम डॅश डॅश कॅश्ड .एन्व्ह करा, म्हणजे तुमच्या डिस्कवर राहील आणि गिटच्या हिशेबातून जाईल. की बदलली का ते मला कळवा, बाकीचं पुढच्या अंकात.